रोकु-काका

त्यांचं खरं नाव इथे देत नाही. दिलं तर ते रागावतील असं नाही. ते रागावणार नाहीत, हीच भीती आहे. रागावले असते तर चार शब्द बोलले असते, आपण दोन ऐकवले असते आणि विषय तिथेच मिटला असता. आता ते मंद हसतील, डोळे मिटतील, ओठांतल्या ओठांत सहापर्यंत मोजतील आणि 'मी तुला माफ केलं' म्हणतील. मग पुढचे दोन महिने भेटेल त्याला 'मी त्याला माफ केलं बरं का' असं सांगत फिरतील. तिसऱ्या महिन्यात गुन्हा काय होता हे सगळी वस्ती विसरलेली असते. माफी तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहते.

जपानीत सहाला 'रोकु' म्हणतात. इथे जन्मलेल्या आमच्या पोरांनी काकांना लिफ्टमध्ये, दुकानात, पाळण्यांच्या बागेत सहा आकडे मोजताना इतक्यांदा पाहिलं, की त्यांचं नाव 'रोकु-काका' पडलं. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं : तारीख, ठिकाण, पोराचं नाव, रागाची मात्रा दहापैकी दोन. वहीचं प्रकरण पुढे येईलच.

एदोगावा म्हणजे टोकियोच्या पूर्वेचा शेवटचा वॉर्ड. त्याच्या पलीकडे नदी, आणि नदीपलीकडे चिबा. वस्ती सात लाखांच्या आसपास. तोझाई मार्गावरचं निशी-कासाई स्थानक 1979 साली सुरू झालं, आणि त्याच सुमारास चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी इथे राहायला आले. पुढे वीस वर्षांनी 'वाय-टू-के'चं भूत उतरवायला आपल्याकडून संगणकवाल्यांच्या झुंडी आल्या, आणि त्यांना घरं मिळेनात. जामीन राहायला जपानी माणूस हवा, घरमालकाला परत न मिळणारी भेट-रक्कम हवी, आणि एवढं करूनही माणूस परदेशी म्हटलं की दलाल नम्रपणे मान हलवणार. यूआरच्या निमसरकारी वसाहतींत जामीनही लागत नव्हता आणि भेटही. शिवाय निहोनबाशी, ओतेमाचीच्या कचेऱ्या त्याच गाडीने थेट. तेव्हा इंजिनियर मंडळींनी निशी-कासाईला मुक्काम टाकला. काका त्यातलेच. 2000 साली डोंबिवलीहून आले, एका वर्षासाठी. ते वर्ष अजून संपलेलं नाही.

तापटपणा वडिलोपार्जित. डोंबिवलीच्या घरी रोज दिवेलागणीला परवचा आणि त्यानंतर मनाचे श्लोक. समर्थांनी 205 श्लोकांत मनाला नाना परींनी समजावलं आहे. क्रोध सोड, हेही त्यात आलं. काकांच्या वडिलांनी ते सगळे एकाच परीने पाठ करून घेतले : छडीने. क्रोध सोडण्याच्या श्लोकाला अडखळलं की छडी सगळ्यांत जोरात बसे. एवढ्या शिक्षणावर मुलगा शांत निघता तर नवलच.

जपानला आल्यावर मात्र या इस्टेटीची पंचाईत झाली. काका जपानी शिकले ते कंपनीच्या वर्गात, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलायचं अदबीचं जपानी. त्या भाषेत चिडायची सोयच नाही. समोरच्याने चूक केली तरी तोंडातून निघायचं ते 'आपल्याला तसदी दिल्याबद्दल अत्यंत दिलगीर आहे' असंच काहीतरी. दिवसभर कमरेत वाकून दिलगिऱ्या वाटायच्या आणि तुंबलेला राग रात्री तोझाई मार्गाने घरी आणून मराठीत मोकळा करायचा, असा वीस वर्षांचा रतीब. काकू तेवढ्या वेळात कणीक मळून घेत. त्या घरातल्या पोळ्या फार मऊ असायच्या, आणि त्याचं श्रेय काका गव्हाला देत.

राग यायला कारणं नव्हती असं कोणी म्हणू नये. तोझाई मार्गाच्या जलद गाडीला उरायासू सोडल्यावर एकदम तोयोचो. मधलं कासाई आणि निशी-कासाई तिच्या खिजगणतीत नाही. डोंबिवलीच्या माणसाला फास्ट गाडी डोळ्यांदेखत न थांबता गेली की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. मागून येणाऱ्या धिम्या गाडीत शिरायचं म्हणजे तर परीक्षाच. 2019 साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या ऐन वेळची गर्दी क्षमतेच्या 199 टक्के होती, देशात अव्वल. इथल्या वाहतूक मंत्रालयाने या टक्क्यांचा अर्थही लावून दिलेला आहे. 150 टक्क्यांना वर्तमानपत्र पूर्ण उलगडून वाचता येतं, 180 ला घडी घालून. 200 टक्क्यांना अंगाला अंग दाबलं जातं, तरी एखादं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. 250 झाले की हातही हलत नाही. काकांनी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचा राग क्षणभर गळाला. सकाळच्या आठ वाजून काही मिनिटांच्या डोंबिवली लोकलमध्ये साप्ताहिक उघडून बसलेला माणूस त्यांनी मनासमोर आणून पाहिला, आणि कित्येक दिवस ते त्या मंत्रालयाबद्दल हळवेपणाने बोलत होते.

त्यांचा एक थोर राग 2019च्या ऑक्टोबरातला. वॉर्डाने त्या वर्षी मे महिन्यात घरोघरी पुराचा नकाशा वाटला होता. नकाशा एरवी निरुपद्रवी वस्तू. या नकाशाच्या मुखपृष्ठावर मात्र एदोगावाच्या जागी मोठ्या अक्षरांत छापलं होतं : इथे राहून चालणार नाही. बाण बाहेरच्या दिशेने. वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली, दोन्ही बाजूंना मोठ्या नद्या, खाली समुद्र. पाणी शिरलं तर आठवडा-दोन आठवडे ओसरायचं नाही, हे सगळं आत सविस्तर. काकांनी आदल्याच वर्षी निशी-कासाईत फ्लॅट घेतलेला. पस्तीस वर्षांचं कर्ज. 'इथे राहा म्हणून बँक सांगते आणि इथे राहू नका म्हणून वॉर्ड सांगतो, मी हप्ते कोणाच्या सांगण्यावरून भरायचे?' हा त्यांचा प्रश्न आजही कोणाला सोडवता आलेला नाही. 12 ऑक्टोबरला 'हागिबिस' वादळ आलं. वॉर्डाच्या मोठ्या भागाला घरं सोडायची सूचना निघाली. शाळेच्या व्यायामशाळेत घोंगडीवर बसून काकांनी त्या रात्री नदी, बँक, दलाल, महानगरपालिका (ही कल्याण-डोंबिवलीची, तिचा संबंध नव्हता, पण ओघात आली) आणि स्वतःचं नशीब या सर्वांचा क्रमाने समाचार घेतला. पहाटे वारा पडला. आराकावा नदी तिच्या पात्रातच राहिली. तिने काकांचं ऐकलं, असं आमची पोरं अजून समजतात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आले होते. काकांपाशी भारताचा पासपोर्ट, त्यामुळे मत नाही. मतं मात्र भरपूर. ती त्यांनी निवडणूक संपल्यावरही बराच काळ मोफत दिली.

मग 2020 उजाडलं. कचेऱ्या घरात आल्या. वरिष्ठाने हाताखालच्यांना वागवण्याबद्दलचा नवा कायदा त्या वर्षी जूनमध्ये मोठ्या कंपन्यांना लागू झाला. अधिकाराच्या जोरावर छळ करणं याला इथे 'पावाहारा' म्हणतात, आणि तो रोखणं ही आता कंपनीची कायदेशीर जबाबदारी ठरली. नेमका त्याच सुमारास काकांच्या हाताखाली पुण्याहून एक मुलगा आला. मराठी! वीस वर्षांत कचेरीत पहिल्यांदाच ज्याला राग समजेल असा माणूस भेटला होता. एका दुपारी ऑनलाइन बैठकीत माइक बंद आहे अशा समजुतीने काकांनी त्याची खरडपट्टी काढली. माइक चालू होता. चाळीसेक जपानी सहकाऱ्यांनी ती सबंध ऐकली. शब्द एकालाही कळला नाही; सूर चाळीसच्या चाळीस जणांना कळला. मुलाची तक्रार नव्हती. 'घरची आठवण आली,' एवढंच तो म्हणाला. पण मनुष्यबळ विभागाने काकांना रागाच्या शिकवणीला बसवलं.

ही विद्या मूळची अमेरिकेतली. जपानमध्ये तिची रीतसर संस्था 2011 मध्ये निघाली आणि आता कंपन्या, शाळा, इस्पितळं सगळीकडे तिचे वर्ग चालतात. सार थोडक्यात असं : राग उसळला की पहिली सहा सेकंदं सांभाळा. आलेल्या रागाला शून्य ते दहा अशी मात्रा द्या. तो वहीत लिहा. आणि राग दुसऱ्यामुळे येत नाही, 'हे असंच व्हायला पाहिजे' या आपल्या हट्टामुळे येतो, हे ओळखा. त्यासाठी तीन वर्तुळं काढायची, एकात एक. सगळ्यात आत 'माझ्यासारखं', त्याभोवती 'थोडं वेगळं, पण चालवून घेऊ', आणि बाहेर 'मुळीच चालणार नाही'. मधलं वर्तुळ रुंद करत न्यायचं. बस, एवढंच.

विद्या खोटी नाही. जिभेच्या टोकावर आलेला शब्द सहा सेकंदांत मागे फिरतो, हे कोणीही करून पाहावं. पण तिचं काम तो शब्द अडवण्यापुरतं. काकांना राग गेल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालंसुद्धा. वर्गाला हजर राहिल्याचं होतं, पण काकांनी चौकट करून दिवाणखान्यात गणपतीच्या शेजारी लावलं.

शिकवणी ऑनलाइन होती आणि घर दोन खोल्यांचं, त्यामुळे सगळे वर्ग स्वयंपाकघरातून काकूंनीही ऐकले. त्यांना प्रमाणपत्र मिळालं नाही.

वही शंभर येनच्या दुकानातली, निळ्या पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. माणूस जातीचा प्रोग्रामर, तेव्हा वही थोड्याच दिवसांत संगणकावर चढली. तारीख, वार, ठिकाण, निमित्त, आरोपी, मात्रा, आणि शेवटच्या रकान्यात 'सोडून दिला' असा शेरा. महिन्याअखेरीस आलेख. कोणत्या वारी राग जास्त येतो, कोणत्या माणसाचा वाटा किती, कोणत्या मजल्यावरून अधिक येतो. चहाला गेलात तर ते लॅपटॉप फिरवून दाखवतात : 'हा बघ तू. मार्चमध्ये केवढा होतास! आता बघ. तुझं मी जवळजवळ सोडूनच दिलंय.' आपण मार्चमध्ये काय केलं होतं हे विचारायचं धैर्य होत नाही. विचारलंत तर ओळ क्रमांकासकट सांगतात.

तीन वर्तुळं फ्रिजवर. आतल्या वर्तुळात काका एकटे. बाहेरच्या वर्तुळात दलाल, जलद गाडी, आमच्या गणपतीचे खजिनदार, आणि इकडच्या 'मसाला चहा'त साखर ओतून देणारे सगळे. मधलं वर्तुळ रुंद करायचं म्हणून काकांनी ते पहिल्यापासूनच रुंद काढलं होतं, पण त्यात घालायला कोणी सापडेना. महिनाभर ते कोरं राहिलं. मग काकूंनी, जागा रिकामी दिसली म्हणून, तिथे चुंबकाने किराण्याची यादी लावली : पोहे, शेंगदाणे, कोमात्सुना.

कोमात्सुना ही इथली पालेभाजी. कोमात्सुगावा या एदोगावातल्याच गावावरून शोगुन योशिमुनेने तिचं नाव ठेवलं, अशी आख्यायिका आहे. काकू तिची पीठ पेरून भाजी करतात. पूर्वी काका ताटावर बसल्या बसल्या 'ही मेथी नाही' असं गरजत आणि मग दोनदा मागून घेत. आता ते ताटाकडे पाहतात, मोजतात, आणि सौम्यपणे म्हणतात, 'ही मेथी नाही, हे मी स्वीकारलं आहे.' एकदाच वाढून घेतात. काकू म्हणाल्या ते मी त्यांच्याच शब्दांत देतो : 'पूर्वी ह्यांचा राग दहा मिनिटांत उतरायचा. आता शांती चढली की आठवडाभर उतरत नाही.'

शांतीचा उपद्रव घरापुरता राहिला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या इमारतीत कचऱ्याचे वार ठरलेले आहेत. जळाऊ आठवड्यातून दोनदा, पुनर्वापराचा एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. सकाळी आठच्या आत नेऊन ठेवायचा, कावळ्यांसाठी वरून जाळी ओढायची. चुकीची पिशवी पालिकेचे लोक उचलत नाहीत. तिच्यावर कागद चिकटवून ती तिथेच सोडून जातात, आणि ती सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दिवसभर बसून असते. असाच एका जळाऊ वारी एका पिशवीवर कागद आला. आत काचेची बरणी. कैरीच्या लोणच्याची. म्हणजे आरोपी आपल्यापैकीच.

काका पिशवीसमोर उभे राहिले. मी दुचाकी काढत होतो. त्यांनी डोळे मिटले, सहा आकडे मोजले, डोळे उघडले, पुन्हा बरणी दिसली, पुन्हा मोजले. मग मांडी घालून खाली बसले, कागद सोलून काढला, पिशवी सोडली, बरणी वेगळी काढली, तिचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, घरून पाणी आणून ती धुतली आणि पुनर्वापराच्या वारासाठी स्वतःच्या दारात नेऊन ठेवली. इथवर थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण संध्याकाळी ते इमारतीतल्या प्रत्येक भारतीय घरी गेले. दारातच उभं राहून, हात जोडून म्हणाले, 'बरणी कोणाची हे मला माहीत आहे. मी नाव घेणार नाही. मी सोडून दिलं.' आणि पुढच्या दाराकडे वळले.

आठवड्याभरात तिसऱ्या मजल्याने चौथ्याशी बोलणं सोडलं. कोणाच्या घरी कोणतं लोणचं येतं यावरून चौकशा झाल्या. एका तेलुगू कुटुंबाने, आम्ही कैरीचं खातो पण गोंगुराचंही खातो, असा खुलासा आपणहून केला. काकांच्या आलेखात तो आठवडा सगळ्यात शांत दिसतो.

गणपतीच्या तयारीची बैठक हे दुसरं प्रकरण. आमचं एक लहानसं टोळकं आहे, मोठ्या मंडळाशी त्याचा संबंध नाही. वाद उकडीच्या मोदकांचा. पिठी पुण्याहूनच यायला हवी असा एक पक्ष, आणि इथल्या दुकानात 'जोशिन्को' म्हणून तांदळाची पिठी मिळते ती उत्तम चालते असा दुसरा. (चालते. मी दुसऱ्या पक्षात आहे.) दरवर्षी अर्ध्या तासात हा वाद कडाक्याने होऊन दोन्ही प्रकारचे मोदक ठरत. त्या वर्षी काकांनी सूचना मांडली की प्रत्येकाने बोलण्याआधी सहा सेकंदं थांबावं. कोणाचं काय जातं म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. आणि घोळ झाला. मराठी माणसांच्या बैठकीत सहा सेकंदं कोणी गप्प बसला, तर त्याचं म्हणणं संपलं असंच धरतात. एकाने थांबावं, तर दुसऱ्याने तोंड उघडावं. काकांनी त्याला थांबवावं, तर त्याच्या थांबण्यात तिसऱ्याने घुसावं. शेवटी सगळे मोजत बसलेले आणि बोलणारे एकटे खजिनदार, कारण ते उशिरा आले होते आणि नियम त्यांना ठाऊक नव्हता. हॉलची वेळ संपली. मोदक ठरले तळणीचे. उकडीच्या दोन्ही पक्षांचा असा एकाच वेळी पाडाव आजवर झाला नव्हता. दारात चपला घालताना काका म्हणाले, 'पण आवाज चढला का कोणाचा?' नव्हता चढला.

त्यांच्या साधनेचा कळस म्हणजे कासाई रिंकाई उद्यानातला पाळणा. आकाशपाळणा 117 मीटर उंच, एका फेरीला सतरा मिनिटं. सहा सेकंदांत न मावणाऱ्या रागासाठी काकांनी तो मुक्रर केला. एकदा काकूंशी काही बिनसलं, तर त्यांनाही घेऊन गेले. डबा बंद झाला, वर चढू लागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला टोकियो, हवा स्वच्छ असल्याने फूजी पर्वतही दिसत होता. काका डोळे मिटून बसले होते. काकू पाहत होत्या. खाली उतरल्यावर काका म्हणाले, 'गेला. तुझा?' काकू म्हणाल्या, 'मी कधी रागावले होते? मला फूजी दिसला.'

पण काकांना खऱ्या अर्थाने कोणी गाठलं असेल तर ते छत्रपती संभाजीनगरहून लेकीकडे आलेल्या एका आजींनी. नाथषष्ठीच्या निमित्ताने चारपाच घरं जमली होती आणि काकांनी 'सकारात्मक विचार' या विषयावर बोलायचं घेतलं होतं. हाताशी पैठणची गोष्ट होतीच. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एकजण थुंकला, नाथ परत जाऊन न्हाले. तो पुन्हा थुंकला, ते पुन्हा न्हाले. असं 108 वेळा झालं, पण नाथांचा तोल गेला नाही, अशी ती कथा. काकांनी ती रंगवून सांगितली आणि विचारलं, 'एकशे आठ वेळा! विचार करा, नाथांनी किती वेळा राग सोडला असेल!'

आजी पुढेच बसल्या होत्या. ऐकायला कमी येत असल्याने मोठ्याने बोलायच्या. म्हणाल्या, 'नाथांनी नाही रे बाळा मोजलं. मोजत होता तो थुंकणारा.'

खोली शांत झाली. काकांचे ओठ हलू लागले, तिसऱ्या की चौथ्या आकड्याला थांबले. त्यांनी वहीसाठी खिशात हात घातला, आणि तो तसाच राहू दिला. पुढचं भाषण त्यांनी आटोपतं घेतलं. प्रसादाला साखरफुटाणे होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. काकांच्या त्या एवढ्या मोठ्या नोंदींत त्यांच्या धाकट्या भावाचं नाव एकदाही नाही. डोंबिवलीचं वडिलांचं घर पुनर्विकासाला गेलं तेव्हा कागदांवर सह्या कोणी केल्या, कोणाला न विचारता केल्या, याचं ते जुनं दुखणं. दोघे भाऊ कित्येक वर्षं बोललेले नाहीत. गाडीचा राग, बरणीचा राग, पिठीचा राग दशांशात मोजणाऱ्या माणसाने हा आकडा कुठेही मांडलेला नाही. काकू मात्र दर रविवारी रात्री नऊला जावेला फोन करतात. तिकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, चहाची वेळ. काका त्या वेळी पाय मोकळे करायला बाहेर पडतात आणि फोन संपला की घरी येतात. कोणी कोणाला काही सांगत नाही.

या हिवाळ्यात जावेला साकुराचा बहर बघायची हौस आली. एकटी कशी येणार, तेव्हा नवराही. आणि जपानला नातेवाईकांना भेटायला यायचं काम साधं नाही. बोलावणाऱ्याने इथून कागद पाठवायचे असतात. निमंत्रणाचं कारण, राहण्याचा दिवसवार तक्ता, आणि हमीपत्र. हमीपत्रात तीन गोष्टींची हमी : पाहुण्याचा इथला खर्च, परतीचं भाडं, आणि पाहुणा जपानचे सर्व कायदे पाळील. काकूंनी सगळं भरून टेबलावर ठेवलं. सही तेवढी घरमालकाची.

काका पहिल्या दोन कलमांवर काही बोलले नाहीत. तिसऱ्यावर मात्र बोट ठेवलं. 'हा माणूस कायदा पाळील, याची हमी मी द्यायची? मी? याची?'

'सहा सेकंदं थांबा आणि सही करा,' काकू म्हणाल्या.

काका थांबले नाहीत. खुर्ची मागे सरकली, आणि पुढची दहा मिनिटं त्या घरातून जे निघालं ते खालच्या मजल्यावर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पुनर्विकास, बिल्डर, सह्या, वडिलांचं कपाट, कपाटातली पितळी घंटा, ती घंटा कोणाकडे गेली, कोणी विचारलं का मला, विचारलं का. वीस वर्षांचा जुना, पुरा, अस्सल डोंबिवलीचा आवाज. वरच्या मजल्यावरच्या जपानी आजोबांनी खिडकी लावून घेतली. आमच्या घरात माझी बायको कणीक मळत होती. ती हात थांबवून म्हणाली, 'बरं वाटलं ऐकून.'

मग शांतता. मग काकांचा साधा आवाज : 'पेन कुठाय?'

कागद गेले. व्हिसा आला. पंधरा दिवसांचा येईल, फार तर तीस, असा सगळ्यांचा अंदाज होता. आला नव्वद दिवसांचा. भाऊ आणि भावजय मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतरतात. घर दोन खोल्यांचं आहे. तेव्हा निशी-कासाई, कासाई आणि सेइशिन्चो परिसरातल्या समस्त मराठी बंधुभगिनींना विनंती, की एप्रिल ते जून या काळात दोघांपैकी कोणत्याही एका भावाला, आपल्या सोयीने, अधूनमधून जेवायला बोलवावं. दोघांना एकदम बोलवू नये. काकांना बोलावलंत तर कोमात्सुनाची भाजी करावी, आणि ती मेथी आहे असं सांगू नये.